बरीच वर्षं उभा असलेला मॅसी ३५ पुन्हा चालू करायचाय, सुरुवात कुठून करू?

काळी_माती

नमस्कार मंडळी.

काकांचा मॅसी फर्ग्युसन ३५ शेडमध्ये उभा आहे. पंधरा वर्षं तरी झाली असतील. डिझेल, तीन नोझलचा. नवा ट्रॅक्टर आला तेव्हा हा बाजूला लावला, तो तसाच राहिला. काका सांगतात की उभा केला त्या दिवशी चांगला चालत होता, बिघाड झाला म्हणून बंद केलेला नाही.

आजची परिस्थिती अशी. वर छप्पर आहे पण शेडची एक बाजू उघडी. सायलेन्सरचं तोंड वर, आणि त्यावर डबा वगैरे काही उपडा घातलेला नव्हता. बॅटरी नाही. मागचे टायर पार बसलेत. टाकीच्या तळाशी डिझेल आहे, त्याला वार्निशचा वास येतो. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतंय, म्हणजे ऑइल तरी भरपूर आहे. फॅन धरून इंजिन फिरवायला गेलो तर बेल्ट घसरतो, इंजिन जागचं हलत नाही.

रंगरंगोटी सध्या करायची नाही. तो चालावा आणि कामाला लागावा, एवढंच. घरात सगळे म्हणतात बॅटरी लाव, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढ. ओढू का?

रानवाट

ओढा की. वरचा गिअर टाकायचा, क्लच दाबून थोडा वेग आला की सोडायचा. जुनी डिझेल इंजिनं भक्कम असतात, दोन-चार झटक्यांत जाम सुटतो. आमच्याकडचे बरेच असेच चालू झालेत.

तेलकट_हात

काळी_माती, ओढू नका. बॅटरीही लावू नका. रानवाट भाऊ, तुमचे सुटले असतील, पण इंजिन जाम का आहे हेच कळलेलं नसताना ओढणं म्हणजे दोन टनांचा जोर एका गंजलेल्या पिस्टनवर घालणं. रिंग तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, मग रॉडशिवाय वाकायला दुसरं काही उरत नाही. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकून उघडा राहिला असेल तर पुशरॉड वाकतो किंवा पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. यातलं काहीही झालं की काम दहापट वाढतं.

आता तुमच्या पोस्टमधल्या ज्या ओळीने मला थांबवलं ती सांगतो. "ऑइल खुणेच्या वर." पंधरा वर्षांत ऑइल वाढत नसतं. जे वाढलंय ते पाणी असेल नाहीतर डिझेल. उघड्या सायलेन्सरमधून पाणी आलं असेल, किंवा फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरलं असेल. दोन्हीचा इलाज वेगळा, म्हणून आधी हे शोधा.

चेंबरचा नट एकदम काढू नका. पाना लावून हळूहळू सैल करा, धार लागेल इतकाच. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसलेलं असतं, पहिल्यांदा तेच येतं. काचेच्या भांड्यात धरा आणि कळवा. गिअरबॉक्सचा ड्रेन प्लगही असाच थोडा सैल करून बघा. गिअर लिव्हरचं रबर फाटलं की तिथूनही पाणी आत जातं. या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स, मागची हाउसिंग आणि हायड्रॉलिक यांना एकच ऑइल, त्यामुळे एका ठिकाणी पाणी शिरलं की तिन्हीकडे जातं.

जुनी_फर्गी

वाचतेय. माझ्याकडे याचा आधीचा भाऊ आहे, टीई-२०. (कव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर बनले. हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरांवरून.)

तुमच्या ३५ ला तीन नोझल म्हणजे पर्किन्सचं इंजिन. हे चांगलं झालं. सुरुवातीच्या डिझेल ३५ ला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन यायचं, ते थंडीत चालू करायला फार छळायचं. १९५९ च्या शेवटाकडे पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं आणि ती तक्रार मिटली.

आणखी एक. टीई-२० ला ओले लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट रेडिएटरचं पाणी. उभ्या ट्रॅक्टरात खालची सील गेली की पाणी सरळ चेंबरमध्ये. पर्किन्सच्या या इंजिनात लायनर कोरडे आहेत, तो रस्ता बंद. त्यामुळे तुमच्याकडे पाणी निघालं तर मी आधी सायलेन्सरवर संशय घेईन, मग हेड पॅकिंगवर.

काळी_माती

चेंबर सैल केला. आधी स्वच्छ पाणी आलं, बऱ्यापैकी, आणि मग काळं ऑइल. ऑइलला डिझेलचा वास नाही. गिअरबॉक्समधून जे आलं ते दुधाळ आहे, पण त्यात वेगळं पाणी नाही.

रेडिएटरमध्ये पाणी होतं, खाली गेलेलं पण पूर्ण रिकामं नाही. आता?

तेलकट_हात

म्हणजे सायलेन्सरच. इंजिन कुठेही थांबलं तरी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्याचा एक्झॉस्ट उघडा, त्यात पावसाचं पाणी उतरतं, रिंगांच्या फटीतून झिरपत चेंबरमध्ये जातं आणि वाटेत लायनरला गंज चढवतं. तिथेच तुमचा पिस्टन धरला असणार.

तर असं करा. रॉकर कव्हर काढा, कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दाबलेला आहे ते बघून ठेवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढा आणि त्या पोर्टात टॉर्च मारून बघा, गंज दिसेल. मग तिन्ही नोझल काढा. नोझल काढताना पिळून-ओढून काढू नका, भोवती गंज सोडवणारं तेल टाकून एक रात्र ठेवा. खालचा तांब्याचा वॉशर हेडमध्येच चिकटून राहतो, तो वाकड्या तारेने बाहेर काढा. नवीन नोझल बसवताना जुना वॉशर तिथेच राहिला तर दोन वॉशर होतात आणि नोझल उंच बसतो.

नोझलच्या भोकांतून तिन्ही सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओता. मी अर्धं ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल आणि अर्धं ॲसिटोन वापरतो. ॲसिटोन लगेच पेटतं, म्हणून विडी-काडी, वेल्डिंग, ग्राइंडर यातलं काही आसपास नको आणि शेड उघडं हवं. ते मिळत नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. आठवडाभर राहू द्या. रोज पातळी बघा. ज्या सिलिंडरमधलं उतरत नाही तिथे रिंगा धरलेल्या आहेत असं समजा.

याचे फोटो काढा. व्हॉल्व्हच्या पुशरॉडचेसुद्धा.

पाना_बारा

फिरवायचं कसं, ते मी सांगतो. फॅनवर जोर नको, पाती वाकतात. बेल्ट काढून टाका म्हणजे डायनामो आणि वॉटर पंपाचा अडथळा राहत नाही; तेही जाम असू शकतात. पुढच्या पुलीच्या बोल्टवर मोठा गोटी पाना आणि लांब हँडल लावा. किंवा सेल्फ काढा आणि त्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार अडकवा.

एकाच दिशेने ताकद लावत बसू नका. थोडं पुढे, थोडं मागे. केसाएवढं हललं तरी काम झालं समजा, पुन्हा तेल ओता आणि दुसऱ्या दिवशी परत. हँडलवर पाइप घालून लांबी वाढवावीशी वाटते, पण तशी वाढवली की आत काय मोडतंय ते हाताला कळत नाही. हाताला कळणं इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

नोझल काढलेलेच असू द्या. इंजिन सुटलं की आतलं तेल भोकांतून वर फवारतं, तेव्हा तोंड वरून बाजूला ठेवा.

काळी_माती

सुटलं!

मधल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडा होता आणि त्याच पोर्टात गंजाचे पापुद्रे होते. बाकी दोन सिलिंडरमधलं तेल हळूहळू खाली गेलं, मधलं तसंच राहिलं. पुढे-मागे करत करत आधी दात्याएवढं, मग पाव फेरा, आज पूर्ण फिरलं. फेरी पूर्ण झाली तेव्हा काका शेजारीच उभे होते, त्यांनी स्वतः हँडल घेऊन फिरवून बघितलं.

मधल्या सिलिंडरच्या पिस्टनपाशी अजून थोडं खरखरतं. व्हॉल्व्ह सगळे वर येतात पण मधला एक्झॉस्ट जरा सावकाश. हेड काढावं लागेल का?

तेलकट_हात

अभिनंदन! मनापासून.

लगेच हेड काढू नका. व्हॉल्व्हच्या दांड्यावर पातळ तेल सोडत हाताने फिरवत राहा. प्लॅस्टिकच्या हातोडीने स्प्रिंगच्या वाटीवर हलकेच टपली मारली की व्हॉल्व्ह सैल होतो. पिस्टन त्या वेळी वर नसावा एवढं बघा. सगळे व्हॉल्व्ह फटकन परत यायला लागले की टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) लावा: गार इंजिनावर ०.०१२ इंच. गरम झाल्यावर मोजायचं असेल तर ०.०१०.

खरखर असलेल्या सिलिंडरचा निकाल इंजिन चाललं की लागेल. लायनरला खड्डे पडले असतील तर ते थोडा निळा धूर देईल आणि कॉम्प्रेशन कमी राहील, मग हेड काढायचा विचार. फक्त वरवरचा गंज असेल तर रिंगाच तो घासून काढतात.

आता चेंबर पूर्ण रिकामा करा, जमल्यास चेंबरचं पॅन उतरवून आतला गाळ पुसा. ऑइल पंपाची जाळी त्या गाळातच बुडालेली असते. नवा फिल्टर बसवताना भांड्यात ऑइल भरून बसवा. स्वस्तातलं ऑइल घातलं तरी चालेल, कारण थोडं चालवून ते पुन्हा काढायचंच आहे.

डिझेल_पंप

मी पंप आणि नोझलचं काम करतो. इंजिन सुटलंय, आता सगळ्यांना चालू करायची घाई होईल, म्हणून माझं आत्ताच वाचा.

या इंजिनाला नोझलना दाबाने डिझेल देणारा पंप बहुतेक सीएव्ही कंपनीचा डीपीए रोटरी असतो. त्याच्या आत मीटरिंग व्हॉल्व्ह नावाचा एक छोटा दांडा असतो, तो फिरतो तसं डिझेल कमी-जास्त होतं. गव्हर्नर त्यालाच हलवतो आणि तुमचा स्टॉपरही त्यालाच बंद करतो. डिझेल वाळून त्याचा थर बसला की हा दांडा अडकतो. बंद स्थितीत अडकला तर इंजिन चालू होणार नाही, वेळ जाईल एवढंच. उघड्या स्थितीत अडकला तर इंजिन चालू होईल आणि रेस वाढतच जाईल, स्टॉपर ओढला तरी थांबणार नाही. अशा वेळी काही सेकंदांत इंजिन फुटतं आणि माणसं जखमी होतात.

म्हणून माझा आग्रह आहे: हा कसा चालू करायचा याच्या आधी हा कसा बंद करायचा ते ठरवा. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा, म्हणजे इनटेकचं तोंड हाताशी राहील. त्या तोंडापेक्षा मोठी जाड फळी घ्या, तिला एका बाजूने सपाट रबर चिकटवा. एक माणूस ती फळी घेऊन तिथेच उभा. रेस आपोआप चढली की त्याने फळी दाबून धरायची, हवा बंद झाली की इंजिन मरतं. हात लावायचा नाही, आणि कापडही नको, ते आत ओढलं जातं. टाकीचा कॉक बंद करूनही इंजिन थांबतं, पण फिल्टर आणि पाइपात असलेलं डिझेल संपेपर्यंत उशीर झालेला असतो.

एअर क्लीनरही बघून घ्या. ऑइलचं भांडं असलेला असेल तर जुना गाळ काढून खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि त्या ऑइलवरच पळत सुटतं, स्टॉपरला दाद देत नाही. पाइपात उंदरांची घरटी असतात, ती काढा.

पंप घरी उघडू नका. हेड आणि रोटर एकमेकांसाठी मायक्रॉनमध्ये जुळवलेले असतात, धुळीच्या कणानेही खराब होतात.

जुनी_फर्गी

विजेचं एक. या पिढीतल्या बऱ्याच ब्रिटिश ट्रॅक्टरांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. नंतर कुणी बदललंही असेल. त्यामुळे रंग बघून बॅटरी जोडू नका. डायनामो मूळचा आहे का, जाडा बॉडी-पट्टा कुठल्या टोकाला जायचा, हे आधी बघा. कुणी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर उलटी जोडणी क्षणात त्याचे डायोड जाळते. सेल्फला दोन्ही चालतं, म्हणून सेल्फ फिरला यावरून जोडणी बरोबर असं ठरवू नका.

उंदरांनी कुरतडलेल्या वायर सगळ्या बदला. बॉडीचा पट्टा जिथे बसतो ती जागा घासून उघडी करा; सेल्फ मंद फिरण्याचं कारण निम्म्या वेळा तिथेच असतं.

न्यूट्रल सेफ्टी स्विच जागेवर आहे का? बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवर कुणीतरी दोन वायरी जोडून तो बाद केलेला असतो, आणि मग गिअरमध्ये असतानाही सेल्फ लागतो. तो नीट करून घ्याच. ट्रॅक्टरच्या बाजूला उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फची टोकं जोडायची सवय असेल तर ती कायमची सोडा. गिअर पडलेला असला तर मागचं चाक थेट अंगावर येतं.

काळी_माती

फळीची गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. आभार. केली तयार.

टाकी काढून धुतली, तळाशी पाणी आणि काळपट शेवाळासारखा गाळ होता. नवं डिझेल, नवे फिल्टर, भांड्याचे नवे रबर. स्टॉपर ओढला की पंपावरचा लिव्हर पूर्ण जातो आणि परत येतो. प्लस बॉडीलाच आहे, डायनामो मूळचा.

आता अडलंय ते हवा काढण्यात. फीड पंपाचा हाताचा लिव्हर मऊ लागतो, काहीच ढकलत नाही.

पाना_बारा

फीड पंप बहुधा चांगला आहे. तो कॅमवर चालतो. कॅम त्याला दाबून धरलेला असताना हाताचा लिव्हर रिकामा हलतो. पुलीवरून इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हरला जोर लागायला लागेल.

मग क्रमाने: फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे संपेपर्यंत पंप मारा, बंद. नंतर डीपीए पंपावरचे दोन स्क्रू, एक हेडच्या बाजूला आणि एक वर गव्हर्नरच्या झाकणापाशी. तिथेही बुडबुडे संपेपर्यंत. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट दीड-दोन आटे सैल करा, स्टॉपर आत, रेस पूर्ण, आणि सेल्फ मारा. धार आली की एकेक घट्ट करा.

बुडबुडे थांबतच नसतील तर टाकी आणि फीड पंप यांच्या मधेच कुठेतरी हवा ओढतेय. तांब्याचे वॉशर नवे टाका.

नट घट्ट केल्यावर गळती हाताने चाचपडून शोधू नका. नोझलच्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत जाते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडायला लागतो. तसं झालं तर त्याच तासात दवाखाना. गळती शोधायला पुठ्ठा धरा.

काळी_माती

फिल्टरपर्यंत आणि पंपाच्या स्क्रूपर्यंत स्वच्छ डिझेल येतंय. पण नोझलच्या पाइपांना थेंबही नाही, सेल्फ कितीही मारला तरी. डिझेल_पंप, तुम्ही म्हणालात तेच झालंय का?

डिझेल_पंप

लक्षण तेच आहे, आणि बंद बाजूला अडकलाय ही त्यातली बरी गोष्ट. सेल्फ मारत राहू नका. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको आणि मधे त्याला गार होऊ द्या.

पंप उतरवून चांगल्या टेस्ट बेंचवाल्याकडे द्या. काढण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या केसवर एक सरळ रेघ ओरखडून ठेवा, बसवताना ती जुळली पाहिजे. पाइपांच्या तोंडांना प्लॅस्टिकच्या टोप्या घाला. नोझलही त्याच वेळी तपासायला द्या, बसलेल्या नोझलमधून फवारा येत नाही, ठिबकतं.

गिअर_ताई

पंप बाहेर आहे तोवर क्लच बघून घ्या, नाहीतर इंजिन चालू होईल आणि ट्रॅक्टर थांबवता येणार नाही. उभ्या ट्रॅक्टरात क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. दुहेरी क्लच असेल तर पेडल अर्धं दाबल्यावर चाकांची चाल सुटते, पूर्ण दाबल्यावर पीटीओची (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट). त्यात दोन प्लेट असल्याने चिकटायच्या जागाही दुप्पट.

तपासायला: पुढची चाकं अडवा, मागचं एक चाक जॅकवर घेऊन खाली भक्कम घोडी द्या, नुसत्या जॅकवर कधीच नको. गिअर टाका, पेडल दाबून ठेवा, चाक फिरवा. डिफरेन्शियलमुळे चाक अडायला हवं तर दुसरं चाक जमिनीवर असलंच पाहिजे. पेडल दाबलेलं असतानाही चाकाबरोबर पुढची पुली फिरत असेल तर क्लच चिकटलाय.

असेल तर पेडल पूर्ण दाबून लाकडाने अडकवून ठेवा, काही दिवस. कधीकधी तेवढ्याने सुटतो. नाही सुटला तर रानवाट भाऊंची ओढायची युक्ती इथे उपयोगी आहे: आता इंजिन मोकळं आहे, आत ऑइल आहे, पंप बसवलेला नाही म्हणजे चालू होण्याची भीती नाही. पेडल दाबलेलंच, वरचा गिअर, दुसऱ्या ट्रॅक्टरने सावकाश पुढे-मागे. कॉम्प्रेशनच्या झटक्याने प्लेट सुटते. त्याआधी नोझल किंवा त्या भोकांना बंद करणारं काहीतरी बसवलेलं हवं, नाहीतर कॉम्प्रेशनच मिळणार नाही. आणि ओढण्याआधी ब्रेक लागतात का ते बघा, दोन्ही पेडलं कडीने जोडा.

रानवाट

ताई, हे पटलं. पहिल्याच दिवशी ओढायला सांगितलं होतं ते आता मागे घेतो. कामाचा क्रम कळला.

काळी_माती

पंपवाल्याने सांगितलं मीटरिंग व्हॉल्व्ह वाळलेल्या डिझेलने घट्ट धरलेला होता, बाकी आतून पंप छान आहे. दोन नोझल ठीक, एक बदलला. क्लच पेडल अडकवून ठेवल्यावर आपसूकच सुटला, ओढावं लागलं नाही. सगळं बसवलंय. हवा काढली, तिन्ही पाइपांना धार आली.

उद्या सकाळी चालू करणार आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

तेलकट_हात

आधी स्टॉपर ओढलेलाच ठेवून सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. काटा हललाच नाही तर पुढे जाऊ नका.

मग किल्ली हीटवर पंधरा-वीस सेकंद. मॅनिफोल्डमधल्या थर्मोस्टार्टला (आत येणारी हवा तापवणारा हीटर) स्वतःचं डिझेल लागतं, त्याच्या छोट्या पाइपात आलंय ना बघा. इथरचा स्प्रे कुणी आणला तर परत पाठवा. तापलेल्या कॉइलवर इथर गेलं तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो, आणि हीटर बंद असला तरी वेळेआधी पेटून रिंगा तोडतं.

फळीवाला माणूस जागेवर. लहान मुलं लांब. चालू झाला की रेस कमी, नजर प्रेशरच्या काट्यावर. सुरुवातीला पांढरा धूर येईल, ते न जळलेलं डिझेल आणि सायलेन्सरमधली ओल. गरम होताना तो विरायला हवा.

काळी_माती

चालू झाला!!

आधी एका सिलिंडरवर ठोकत होता, मग दोन, आणि थोड्या वेळाने तिन्ही लागली. पांढऱ्या धुराने शेड भरलं होतं. प्रेशर लगेच वर गेलं. स्टॉपर ओढला आणि लगेच बंद झाला, फळीची गरज पडली नाही. पुन्हा चालू केला तेव्हा हीटरही लागला नाही.

काका बराच वेळ स्टेअरिंगवर बसून होते.

धूर आता अगदी किंचित निळा आहे, तोही रेस दिल्यावरच. वॉटर पंपापाशी थेंब थेंब गळतंय. एक प्रश्न उरलाय: लिफ्ट अजिबात उठत नाही. लिव्हर वर-खाली करून पाहिला. गिअरबॉक्सचं दुधाळ ऑइल काढून नवं भरलंय, पातळी बरोबर आहे. हायड्रॉलिक पंप गेला का?

तेलकट_हात

वा! काकांना नमस्कार सांगा.

इंजिन ऑइल आताच, गरम असताना काढून टाका आणि चांगलं भरा. निळा धूर काही तास काम केल्यावर कमी होतो का बघा. वॉटर पंपाचं सील बदला, गळत्या पाण्यावर कामाला नेऊ नका. लिफ्टचं ताई सांगतील.

गिअर_ताई

पंप गेला असं इतक्यात ठरवू नका. ३५ मध्ये हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर पंप फिरतच नाही. क्लच पूर्ण दाबा, पीटीओ टाका, सोडा, आणि मग लिफ्टचा लिव्हर वर घ्या.

काळी_माती

उठली! पीटीओ न्यूट्रललाच होता. रिकामी लिफ्ट वरपर्यंत गेली. वजन लावल्यावर मात्र थरथरत वर जाते आणि इंजिन बंद केल्यावर तासाभरात खाली येते.

गिअर_ताई

थरथर बहुतेक उरलेल्या पाण्याची किंवा हवेची, नाहीतर पंपाच्या कंट्रोल व्हॉल्व्हची; तोही इतकी वर्षं एकाच जागी होता. हलकं वजन लावून लिव्हर भरपूर वर-खाली करा, नंतर ऑइल पुन्हा एकदा बदला. पहिल्या बदलात हाउसिंगच्या कोपऱ्यांतलं दुधाळ ऑइल सगळं निघत नाही. तरी राहिली तर वरचं झाकण उघडून पंपाचे व्हॉल्व्ह बघू, तेव्हा फोटो टाका. तासाभरात खाली येणं लिफ्टच्या सिलिंडरच्या रिंगचं असू शकतं. एवढ्या वयाच्या ट्रॅक्टरला ते चालवून घेता येतं, फक्त उचललेल्या अवजाराखाली कुणी कधीच जायचं नाही.

आणि लिफ्टसाठी पीटीओ चालू ठेवावा लागतो म्हणजे मागचा शाफ्टही सतत फिरत राहणार. त्याची टोपी जागेवर आहे का? नसेल तर आधी ती मिळवा. साडीचा पदर, धोतर, सैल बाही, काहीही त्यात ओढलं जातं.

काळी_माती

टोपी नव्हती. शोधतोय. मिळेपर्यंत लिफ्ट वापरत नाही.